पासंग असलेला काटा

कॅन्सर फार पुढे गेलेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये रोज आकडे पडत असतात. ताप, नाडी, रक्तदाब, बोटाला चिमटा लावून घेतलेलं ऑक्सिजनचं प्रमाण. हे आकडे यंत्र देतं. सकाळच्या सिस्टरनी घेतले काय किंवा रात्रीच्या, फारसा फरक पडत नाही. पण रुग्णाला ज्याने पुरतं व्यापलेलं असतं ते या आकड्यांत नसतंच. दुखतंय किती, मळमळतंय किती, धाप किती लागते, अंगात त्राण किती उरलंय, रात्री जीव किती घाबरतो, याला थर्मामीटर नाही. तरी फाइलमध्ये त्यापुढेही काहीतरी लिहिलं जातंच: ‘वेदना सौम्य’, ‘मळमळ नाही’, ‘रुग्ण आरामात’. हे शब्द कोणी ठरवले, कशावरून ठरवले, आणि त्याच तासाला दुसऱ्या कोणी त्या रुग्णाला पाहिलं असतं तर तेच शब्द लिहिले असते का, हा या पुस्तकाचा विषय आहे. वरवर तो कागदोपत्री वाटेल. पण मॉर्फिन दर चार तासांनी नेमाने द्यायचं की ‘लागलं तर’ द्यायचं, मात्रा वाढवायची की आहे तीच ठेवायची, हे याच दोन शब्दांवर ठरतं. ‘सौम्य’ लिहिलं की त्या रात्री कोणी औषध बदलत नाही.

पॅलिएटिव्ह केअर, ज्याला मराठीत परिहार सेवा असंही म्हणतात, ती मुळात रुग्णाचं ऐकण्यातून उभी राहिली. सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर. १९५८ पासून लंडनमधल्या हॅकनी भागातल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम करताना त्यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, अनेकांचं बोलणं टेपवर घेतलं. शरीर, मन, घरची ओढाताण आणि जगण्याच्या अर्थाबद्दलचे प्रश्न हे सगळं मिळून एकच दुखणं होतं, ही त्यांची मांडणी त्या बोलण्यातून आली. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं. देशातलं ते पहिलं हॉस्पिस. पुढे केरळात घरोघरी पोचणारी चळवळ झाली. हा इतिहास इथे थोडक्यात सांगतो तो एवढ्यासाठीच की, जी शाखा रुग्णाच्या शब्दापासून सुरू झाली, तिच्यातही रोजच्या धबडग्यात नोंद मात्र बऱ्याचदा डॉक्टरांच्या नजरेने होते. ही नजर किती भरवशाची आहे, हे तपासून पाहणारा अभ्यास गेल्या तीनचार दशकांत बराच झाला, आणि तो मराठी वाचकांपर्यंत जवळजवळ आलेलाच नाही.

भरवसा म्हणताना दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळतात, ते आधी सुटे करायला हवेत. पहिला प्रश्न: दोन जाणकारांनी एकच रुग्ण पाहिला, तर त्यांचं आपसात जुळतं का? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधल्या संशोधकांनी ३९३ रुग्णांच्या बाबतीत हे तपासलं आणि २०१२ साली प्रसिद्ध केलं. रुग्ण तोच, भेटीचा दिवस तोच, पाहणारे दोघे अनुभवी. पूर्ण जुळलं तर १ आणि मुळीच जुळलं नाही तर ० अशा मापाने पाहिलं, तेव्हा नसांच्या त्रासासाठी ०.७१ आणि धापेसाठी ०.६९ आलं, थकवा आणि बद्धकोष्ठ यांसाठी ०.५० च्या आसपास. आणि सगळ्यात खाली, ०.४६ वर, उलटी. थकव्याबद्दल मतभेद व्हावेत हे समजू शकतं, पण उलटी ही तर मोजता येणारी गोष्ट. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही, असं मला वाटतं. ती डॉक्टरांसमोर होत नाही, घरी मोरीत होते. डॉक्टरांकडे पोचते ती तिची हकीकत, आणि हकीकत कोणी कसं विचारलं त्यावर बदलते.

दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. दोघा जाणकारांचं आपसात जुळलं, पण रुग्णाशी जुळलं का? तराजूला पासंग असेल तर एकाच मालाचं वजन दहा वेळा केलं तरी दहाही वेळा तेच येईल आणि दहाही वेळा चुकीचं येईल. इकडे थोडं जास्त, तिकडे थोडं कमी अशा विखुरलेल्या चुका सरासरीत एकमेकींना खाऊन टाकतात. पासंग खाऊन टाकला जात नाही. म्हणून विचारायचं ते हे की, लक्षणांच्या मापनातल्या चुका विखुरलेल्या आहेत की काटा एका बाजूला झुकलेला आहे?

तो झुकलेला आहे. १९९१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १०३ कॅन्सर रुग्णांनी स्वतःच्या वेदनेला दिलेले आकडे त्यांच्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहिले गेले. वेदना नसल्यात जमा होती तिथे बहुतेक वेळा जुळलं. वेदना तीव्र होती तिथे जुळणी कोसळली. रोज शेजारी वावरणाऱ्या परिचारिकांचीही कोसळली. म्हणजे जिथे बरोबर ओळखण्याची सर्वात जास्त गरज, तिथेच नजर सर्वात कच्ची. त्याच वर्षी कॅनडातल्या एडमंटनमध्ये एदुआर्दो ब्रुएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ लक्षणांची एक साधी, एका पानाची पद्धत मांडली, जी पुढे नऊ लक्षणांची होऊन जगभर गेली. दशकाच्या अखेरीस त्याच शहरातल्या संशोधकांनी या पद्धतीने रुग्णांचे, डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा डॉक्टरांचे आकडे सरासरीने रुग्णांच्या आकड्यांच्या खालीच आढळले. या झुकावाची किंमत काय, हे चार्ल्स क्लीलँड आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात दिसतं. अमेरिकेतल्या ५४ ठिकाणी बाह्यरुग्ण विभागात येणारे, कॅन्सर शरीरात पसरलेले १,३०८ रुग्ण त्यात होते. ज्यांना वेदना होती त्यांतल्या ४२ टक्के लोकांना तिच्या मानाने अपुरं औषध मिळत होतं. अपुऱ्या औषधाची शक्यता कशाने वाढत होती हे पाहिलं, तेव्हा ठळकपणे पुढे आलेली गोष्ट होती वेदनेच्या तीव्रतेबद्दल डॉक्टर आणि रुग्ण यांच्या अंदाजातली तफावत. त्याखेरीज बायका, सत्तरी ओलांडलेले आणि अल्पसंख्याक समाजातले रुग्ण अधिक उपेक्षित राहिले होते. काटा सगळ्यांसाठी सारखा झुकलेला नव्हता. ज्यांचं म्हणणं एरवीही कमी ऐकलं जातं, त्यांच्यासाठी तो जास्त झुकलेला होता.

हा पासंग कुठून येतो? डॉक्टरांच्या मनातला कोरडेपणा हे उत्तर मला पटत नाही. या शाखेत काम करणारी माणसं कोरडी नसतात. कारणं अधिक साधी आहेत, म्हणूनच अधिक चिवट आहेत. वेदनेचं जे चित्र वैद्यकीय शिक्षणात मनावर ठसतं ते अपघाताचं, प्रसूतीचं, मुतखड्याचं असतं: घाम फुटलेला, नाडी धावणारी, रुग्ण तळमळणारा. महिनोन्महिने दुखत असलेल्या माणसात हे काहीच दिसेनासं होतं. नाडी पूर्ववत होते. तो हलत नाही, कारण हललं की कळ येते. आणि न हलणारा माणूस दाराशी उभ्या असलेल्याला शांत दिसतो. पाहुणे आले की तो दोन शब्द बोलतो, दमून डोळा लागतो, आणि ‘झोप चांगली’ अशी नोंद होते. दुसरं कारण रुग्णाकडूनच येतं. राउंडला पाचसहा जण पलंगाभोवती उभे असताना “कसं आहे आज?” या प्रश्नाचं आपल्याकडे एकच उत्तर आहे: “बरं आहे.” ते उत्तर लक्षणांबद्दल नसतंच, ते शिष्टाचाराचं असतं. डॉक्टरांनी एवढं केलं, त्यांना नाराज कशाला करायचं. दुखतं म्हटलं तर आजार वाढला असं ठरेल. मुलगा शेजारी उभा आहे, त्याच्या तोंडावर कशाला बोलायचं. पुष्कळदा तर रुग्णाच्या आधी मुलगाच बोलून मोकळा होतो. आणि तिसरं कारण बोलायला अवघड आहे. मोठा आकडा लिहिला की काहीतरी करावं लागतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर आपल्याकडे मॉर्फिन मिळवणं परवान्यांच्या जंजाळात असं अडकलं की असंख्य रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले, पण मधल्या काळात डॉक्टरांच्या पिढ्या मॉर्फिन न वापरता तयार झाल्या होत्या. ज्या कपाटात औषधच नाही, तिथे ‘तीव्र वेदना’ लिहायला हात धजावत नाही. नजर नुसती पाहत नसते, आपल्याला काय करता येणार आहे याचाही हिशेब ती नकळत धरत असते.

प्रश्न कसा विचारला यावरही किती अवलंबून असतं, याचं एक उदाहरण क्लीव्हलँड क्लिनिकमधलं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पॅलिएटिव्ह विभागातल्या २०० रुग्णांना आधी मोकळेपणाने, काय त्रास होतो ते सांगू दिलं. मग ४८ लक्षणांची यादी हातात घेऊन एकेक विचारलं. एकूण २,३९७ लक्षणं सापडली. त्यांतली आपणहून सांगितलेली अवघी ३२२. उरलेली विचारल्यावर निघाली. कोणी म्हणेल, विचारल्यावरच आठवली ती किरकोळ असणार. काही किरकोळ असतीलही. पण तोंड कोरडं पडणं, झोप न लागणं, शौचाला कुंथावं लागणं, लघवीवर ताबा नसणं या गोष्टी माणूस आपणहून सांगत नाही, कारण त्या सांगण्याजोग्या वाटत नाहीत किंवा त्यांची लाज वाटते. आजाराचा भागच आहे, असं समजून तो त्या सोसत राहतो.

इथे मला भाषेपाशी थोडं थांबायचं आहे, कारण यातला सर्वात समृद्ध आणि सर्वात दुर्लक्षित भाग तोच आहे. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात इंग्रजीतली ७८ विशेषणं गटवार लावली आहेत, कारण दुखणं किती यापेक्षा दुखणं कसं हे कळणं अनेकदा जास्त उपयोगाचं असतं. मराठीला हा साठा उसना आणायला नको. ठणका वेगळा, सणक वेगळी, कळ वेगळी, चमक वेगळी. ठसठसतं ते गळू, भगभगतं ते भाजलेलं, चुरचुरते ती सोललेली कातडी, रग लागते ती ताणलेल्या स्नायूला. मुंग्या येतात, आग होते, करंट बसल्यासारखं होतं, नुसतं पांघरूण लागलं तरी सहन होत नाही, असं रुग्ण म्हणतो तेव्हा तो नस दुखावल्याची जवळजवळ नेमकी खूण सांगत असतो. अशा दुखण्याला नेहमीच्या वेदनाशामकांखेरीज वेगळी औषधं लागतात. पोटात पीळ पडतो म्हणणारी बाई आतड्याबद्दल सांगते आहे. हे सगळं फाइलमध्ये येताना ‘पेन प्लस’ होतं आणि निदानाला लागणारा अर्धा माल वाटेतच सांडतो. मुंबईच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत तर रुग्ण बंगालचा, सिस्टर केरळची, डॉक्टर मराठी अशी साखळी असते, आणि प्रत्येक कडीवर एकेक छटा गळते.

आकड्यांचंही तसंच. शून्य ते दहा या मोजपट्टीवर घेतला जाणारा मोठा आक्षेप म्हणजे ती शिकलेल्यांची आहे. खेड्यातल्या आजीला ‘दहापैकी किती’ कसं कळणार? आक्षेप खरा आहे, पण त्यावरून आजीला मोजता येत नाही असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. ती कधीपासून मोजते आहे. “डॉक्टर, बारा आणे फरक आहे,” हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात ऐकू येतं. सोळा आण्यांच्या रुपयाची ही मोजपट्टी तयारच आहे. फक्त ती नीट वाचायला हवी. आजी जे मोजते ते उरलेलं दुखणं नव्हे, उतरलेलं दुखणं. बारा आणे म्हणजे चार आणे शिल्लक. घाईत कोणी बाराचा आकडा तीव्रतेच्या रकान्यात टाकला तर अर्थ उलटा होईल. शिवाय ही मोजणी मागच्या खेपेच्या तुलनेत असते, म्हणून मागची खेप कुठे होती हे माहीत असल्याशिवाय तिला अर्थ नाही. पण हे सगळं शिकण्यासारखं आहे, आणि शिकायचं ते आपण.

रुग्ण वाढवून सांगतात, या शंकेला उत्तर देणं भाग आहे, कारण ती बोलून दाखवली नाही तरी मनात असते. फोनवर हसून बोलणारा माणूस वेदना नऊ म्हणतो, तेव्हा नोंद घेणारा हात अडखळतो. हे खरंच होतं की आकड्यात भीती मिसळलेली असते, एकटेपणा असतो, घर कसं चालणार याची काळजी असते. साँडर्स यांनी ज्याला समग्र वेदना म्हटलं ती हीच. पण त्यावरचा इलाज नऊचे पाच करणं हा नव्हे, तर नऊमध्ये काय काय आहे ते विचारणं हा आहे. मॉर्फिन कदाचित वाढवावं लागणार नाही. कदाचित शेजारी बसून बोलावं लागेल. दोन्हीची वाट नऊ लिहिण्यावरून जाते. दुसरं असं की, एकाचा नऊ आणि दुसऱ्याचा नऊ सारखा आहे का, हे शोधण्याची इथे गरजच नाही. एकाच माणसाचा काल आठ होता आणि आज चार आहे, एवढं कळलं की उपचार योग्य दिशेने चालला आहे हे समजतं. आणि किती असलं तर चालेल, हेही त्यालाच विचारता येतं. व्यसन लागेल म्हणून आकडा कमी धरायचा, हा तर दोन वेगळ्या गोष्टींचा घोळ आहे. औषध कसं द्यायचं, कोणावर जास्त लक्ष ठेवायचं हा एक निर्णय. किती दुखतंय ही त्याआधीची माहिती.

सर्वात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. ज्यांना सांगताच येत नाही त्यांचं काय? शेवटच्या दिवसांत बहुतेक रुग्णांना भ्रम होतो, डिमेन्शिया झालेल्यांचे शब्द आधीच गेलेले असतात. इथे जाणकाराची नजर हाच आधार असतो, आणि ती नजरही घडवावी लागते. डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी २००३ साली आलेली ‘पेनॅड’ ही पद्धत श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणं या पाच खुणा पाहते. जगभरच्या वेदना अभ्यासकांच्या संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना नेमकी याची नोंद घेतली की, बोलता न येणं म्हणजे वेदना नसणं नव्हे. पण खुणा फसवतातही. भ्रमातल्या रुग्णाची तळमळ वेदनेची समजून मॉर्फिन वाढवलं, तर त्या मॉर्फिननेच भ्रम वाढू शकतो आणि तळमळही. मग पुन्हा मॉर्फिन. हे चक्र ओळखायला रुग्णाचा आकडा पुरत नाही, अनुभवी डॉक्टरच लागतो. माझं म्हणणं डॉक्टरांची नजर काढून घ्या असं नाहीच. ती आकड्याचा अर्थ लावण्यासाठी वापरा, आकड्याच्या जागी बसवू नका, एवढंच आहे.

याची उलटी बाजूही आहे. न दिसणारं कमी मोजलं जातं, तसं दिसणारं किंवा ऐकू येणारं जास्त मोजलं जातं. अखेरच्या तासांत घशात घरघर लागते. ती ऐकून घरच्यांचा जीव कासावीस होतो, पण बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाला तिचा त्रास होत असल्याची चिन्हं क्वचितच दिसतात. एकूणच घरच्यांचे आकडे बऱ्याचदा रुग्णाच्या वर जातात, जसे डॉक्टरांचे खाली जातात. धापेच्या बाबतीत यंत्रच दिशाभूल करतं. बोटावरचा आकडा ९७ आणि रुग्ण म्हणतो घुसमटतंय. मग कोणीतरी ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणतं, किंवा नळी लावतं. ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन फारसा कमी झालेला नव्हता अशा २३९ रुग्णांना नळीतून ऑक्सिजन किंवा नुसती हवा देऊन पाहिलेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ऑक्सिजनने हवेपेक्षा जास्त आराम पडला नाही. चेहऱ्यावर छोटा पंखा धरल्याने पुष्कळांना पडतो. धाप ही बोटात नसते, ती ज्याला लागते त्याच्यात असते.

आणि वेळ? ओपीडीत एका रुग्णाला मोजकी मिनिटं मिळतात, त्यात नऊ प्रश्न कोण विचारणार? पण विचारणारा डॉक्टरच असावा असं कुठे आहे. ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये ७६६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत एका गटाने आपली लक्षणं स्वतःच संगणकावर भरली, आणि काही बिघडलं की परिचारिकेला सूचना जाई. या गटाचं जीवनमान सुधारलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार त्यांचा मध्यक आयुष्यकाळ ३१.२ महिने होता, नेहमीच्या पद्धतीतल्यांचा २६. ही एका मोठ्या रुग्णालयातली गोष्ट होती, तेव्हा आयुष्य वाढतं म्हणून हे करा, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्याच ५२ ठिकाणी १,१९१ रुग्णांवर झालेल्या पुढच्या चाचणीने २०२२ मध्ये दाखवलं ते मला पुरेसं आहे: हिंडण्याफिरण्याची ताकद आणि लक्षणांवरचा ताबा, दोन्ही सुधारले. आपल्याकडे संगणकाच्या जागी आशाताई असतील, प्रतीक्षागृहातला छापील कागद असेल, घरभेटीला जाणाऱ्या सिस्टर असतील.

एडमंटनच्या त्या एका पानाच्या फॉर्मवर तळाशी एक छोटी चौकट आहे: हे कोणी भरलं? रुग्णाने, नातेवाइकाने, आरोग्यसेवकाने, की कोणाच्या मदतीने रुग्णाने. वरचे नऊ आकडे वाचण्याआधी ती चौकट वाचावी, अशी मी या पुस्तकाच्या वाचकांना विनंती करतो. पुढच्या पानांतल्या प्रत्येक तक्त्यात ती चौकट तळातून उचलून पहिल्या ओळीत आणली आहे, आणि डॉक्टरांच्या अंदाजासाठी रुग्णाच्या आकड्याशेजारी वेगळा रकाना ठेवला आहे. दोन रकान्यांत तीनहून जास्त फरक पडला, तर पुढची ओळ भरायची आहे. तिथे एकच प्रश्न छापला आहे: फरक का पडला, हे रुग्णाला विचारलं का?